काजळीवरची रेघ

कार्तिक लागला की आबा पहाटे साडेचारला पंचगंगेच्या घाटावर असत. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरापासून घाट पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. शिवाजी पुलाच्या बाजूने धुके पाण्यावर उतरलेले असे, देवळातून काकड आरती ऐकू येई, आणि आबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तीन बुड्या मारून वर येत. आयुष्यभर त्यांनी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजीची नोकरी केली. वजनकाटा आणि वेळ या दोन बाबतींत त्यांना सूट मान्य नव्हती. 1996 च्या कार्तिकात, वयाच्या 61 व्या वर्षी, तिसऱ्या बुडीनंतर ते वर आले आणि ओल्या पंचानेच पायरीवर बसून राहिले. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, ‘‘छातीवर गुळाचा तीस किलोचा रवा ठेवल्यागत झालं बघ.’’

पेठेत निदान व्हायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत सगळ्यांचे एकमत झाले होते, की गार पाण्याने हृदयाच्या शिरा आखडल्या. मी त्या वेळी औषधनिर्माणशास्त्राच्या एका महाविद्यालयात औषधांचे शरीरावरील परिणाम शिकवत होतो, आणि संकोचाने सांगायला हवे, की मलाही ते निदान पटले. गारठ्याने लोखंड आकसते, तूप थिजते, बोटे पांढरी पडतात. मग हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीने तरी वेगळे का वागावे, असा माझाही विचार होता. वर्गात मी रोहिण्यांच्या आकुंचनाची सगळी साखळी फळ्यावर काढत असे, पण तिचा आबांच्या छातीशी नेमका संबंध कुठे लागतो, हे स्वतःला कधी विचारले नव्हते.

शंका आली ती रात्री थर्मामीटर झटकताना. आबांच्या काखेतले तापमान सकाळीच नेहमीसारखे होते. घाटावरच्या दहा मिनिटांत कातडी गार पडली असेल, हातपाय बधिर झाले असतील; पण छातीच्या पिंजऱ्यात, फुप्फुसांच्या मध्ये, 37 अंशांच्या रक्तात सतत न्हाणाऱ्या हृदयापर्यंत नदीचा गारवा पोहोचायला तेवढा वेळ कसा पुरेल? शरीराच्या गाभ्याचे तापमान दोन अंशांनी उतरवायलाही पाण्यात बराच वेळ काढावा लागतो. म्हणजे हृदयाची रोहिणी आखडली असेल, तर ती गार न होताच आखडली होती.

त्या हिवाळ्यात मी ठरवले, की रोहिणीलाच विचारायचे.

कोल्हापुरात बकऱ्याचे हृदय मिळवणे अवघड नसावे, असे कुणालाही वाटेल. अडचण भाषेची निघाली. मटण मार्केटमध्ये मी काळीज मागितले आणि दुकानदाराने मुकाट्याने यकृत कापायला घेतले. आपण काळीज हलले, काळजाचे पाणी झाले म्हणतो तेव्हा बोट छातीकडे जाते. खाटकाच्या ओट्यावर त्याच शब्दाने बोट बरगडीखाली उजवीकडे सरकते. शेवटी टांगलेल्या जिनसांकडे हात करूनच मागावे लागले. नुकत्याच कापलेल्या बकऱ्याचे हृदय मी बर्फात ठेवलेल्या क्रेब्स द्रावणाच्या थर्मासमध्ये घातले आणि सायकलवरून महाविद्यालयात आणले.

क्रेब्स द्रावण म्हणजे क्षारांच्या प्रमाणापुरता रक्तद्रवाचा जुळा भाऊ. त्यात मीठ, पोटॅशियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, साखर आणि सर्वांत शेवटी कॅल्शियम असते. ते आधी घातले तर द्रावण दुधाळ होते आणि सकाळची मेहनत वाया जाते. कॅल्शियमशिवाय मात्र काहीच चालत नाही. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाच्या हृदयावर काम करत होते. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय छान धडधडत राही आणि शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात ते थांबे. नळाच्या पाण्यात अनाहूतपणे आलेले कॅल्शियमच हृदयाला चालवत होते, हे त्यांच्या ध्यानात आले. प्रयोगशाळेतल्या निष्काळजीपणाचे एवढे उत्तम फळ दुसरे मला ठाऊक नाही.

हृदयाच्या पृष्ठभागावरच्या चरबीतून डाव्या रोहिणीची शाखा सोडवायची, ती स्वच्छ करायची, आणि सफरचंदाची साल काढावी तशी तिरकी वळसेदार कापून तिची पट्टी करायची. आमच्याकडे ताण मोजणारे विजेवरचे यंत्र होते, पण ते वर्षातले आठ महिने दुरुस्तीला असे. म्हणून मी जुन्या पद्धतीने पट्टीचे एक टोक काचेच्या ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे अवयवाचा तुकडा द्रावणात जिवंत ठेवायच्या भांड्यात, बांधले आणि दुसरे टोक हलक्या तरफेला जोडले. तरफेचे टोक काजळलेल्या ड्रमवर टेकवले. चकचकीत कागद ड्रमला गुंडाळून रॉकेलच्या धुराने काजळायचा, ड्रम सावकाश फिरत ठेवायचा, आणि पट्टी आखडली की काळ्यावर पांढरी रेघ चढते ती पाहायची. शेवटी कागद राळेच्या द्रावणात बुडवून वाळवायचा. हे शिकलेल्या माणसाच्या नखांतली काजळी निवृत्तीनंतरही पुरती जात नाही.

रोहिणीला आखडायला लावण्याची सर्वांत भरवशाची युक्ती म्हणजे भरपूर पोटॅशियम. आपल्या रक्तद्रवात पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 मिलिमोल प्रति लिटर असते आणि पेशींच्या आत सुमारे 140. पोटॅशियम आतून बाहेर झिरपू पाहते, जाताना धन प्रभार नेते, आणि म्हणून पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण राहते. हा ओढा किती आहे, हे नेर्न्स्टच्या सूत्राने काढता येते. बाहेर 4 असेल तर पोटॅशियमचा समतोल, म्हणजे त्याची आत-बाहेरची ओढ जिथे बरोबरीत येते तो विद्युतदाब, उणे 95 मिलिव्होल्टच्या आसपास येतो. बाहेर 40 केले, तर तो उणे 33 वर चढतो. रोहिणीच्या भिंतीतली स्नायूपेशी स्वस्थ असताना उणे 40 ते 60 च्या दरम्यान असते. तिला तिथून वर ढकलले, की विद्युतदाबावर चालणारी कॅल्शियमची दारे उघडतात. आत आलेले कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, ती जोडी एका विकराला (एन्झाइमला) जागे करते, तो विकर मायोसिन या आकुंचनाच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडतो आणि पेशी आखडते. बाथमध्ये पोटॅशियमचे प्रमाण 40 पर्यंत नेले की रेघ कशी चढते, ते पाहायला विद्यार्थी रांग लावत. 37 अंशांवर ती तडफेने चढे आणि पठारावर टिके. मग ताज्या क्रेब्सने वॉश दिला की काही मिनिटांत मूळ जागी येई. खरे तर बकऱ्याचे स्वतःचे तापमान माणसापेक्षा दीड-दोन अंशांनी जास्त असते, पण पुस्तकात 37 लिहिले आहे म्हणून आम्ही बकऱ्यालाही 37 वरच ठेवत होतो.

पोटॅशियमची गोष्ट मात्र एवढी एकसुरी नाही. बाहेर 4 ऐवजी 10 केले तर समतोल उणे 70 वर येतो, म्हणजे पेशीच्या सध्याच्या पातळीहून अजूनही बराच खाली. त्याच वेळी बाहेरचे वाढीव पोटॅशियम पेशीच्या पटलातल्या पोटॅशियमच्या एका जातीच्या वाहिन्या अधिक उघडते आणि सोडियम-पोटॅशियम पंपालाही जोर देते. हा पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेतो, म्हणजे एक धन प्रभार बाहेर उरतो. परिणामी पेशी अधिक ऋण होते, कॅल्शियमची दारे मिटतात आणि रोहिणी सैल पडते. कामाला लागलेल्या स्नायूतून थोडेसे पोटॅशियम बाहेर झिरपते आणि त्यामुळे तिथल्या बारीक रोहिण्या रुंदावतात, त्यामागचे एक कारण हेच. माझ्या जाड पट्टीत हे सैल पडणे जेमतेम दिसले. त्याचे खरे घर सूक्ष्म रोहिण्यांत, आणि त्या काही माझ्या तरफेला बांधता येत नव्हत्या. पण एकच द्रव्य थोडे असताना सैल करते आणि फार झाले की आवळते, हे कागदावर मान्य असलेले मला त्या दिवसांत मनातही मान्य करावे लागले.

मग मी बर्फ आणला. आमच्या शीतपेटीची क्षमता जेमतेम असल्याने रस्त्यापलीकडच्या रसवंतीगृहातून बर्फाची लादी आणून तिचे तुकडे बाथच्या बाहेरच्या पाण्यात घालत गेलो. तापमान 25 अंशांवर आल्यावर पुन्हा तेवढेच पोटॅशियम दिले. मला वाटले होते, की गारठा आणि पोटॅशियम मिळून रेघ छपराला लागेल. तसे काही झाले नाही. रेघ उशिरा निघाली, रेंगाळत चढली आणि 37 अंशांवरच्या उंचीपर्यंत पोहोचलीच नाही. आकुंचन हे शेवटी विकरांचे काम आहे, आणि तापमान दहा अंशांनी उतरले की बहुतेक विकरांचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. मी पट्टी बदलली, दुसऱ्या बकऱ्याचे हृदय आणले, बर्फ वाढवला. उत्तर तेच आले.

नवल वाटले ते वॉश दिल्यानंतर. उबेत पट्टीने पकड झटकन सोडली होती. गारठ्यात रेघ उतरायला तयारच होईना. ड्रम फिरत राहिला आणि कागदावर एक लांबलचक, सुस्त उतार उमटत गेला, इतका लांब की कागद संपत आला. आखडवणारा विकर जसा मंदावतो तसाच मायोसिनवरचे फॉस्फेट काढून घेणारा विकरही मंदावतो, कॅल्शियम बाहेर उपसणारे पंपही मंदावतात. सोडियम-पोटॅशियम पंप तर थंडीत जवळजवळ हातपाय गाळून बसतो, म्हणून थोड्या पोटॅशियमने येणारी ती सैलपणाची वाटही गारठ्यात बंद होते. गार रोहिणी नाखुशीने आखडते आणि त्याहून नाखुशीने सुटते. हा कागद मी राळेत बुडवून ठेवून दिला. तो अजून माझ्याकडे आहे.

कातडीच्या रोहिण्यांचा खाक्या वेगळा. त्यांना गार केले, तर त्या मज्जातंतूंतून सुटणाऱ्या नॉरअॅड्रेनॅलिनला उलट अधिक जोराने प्रतिसाद देतात, कारण गारठ्यात त्यांच्या स्नायूपेशींच्या आत दडलेले एका जातीचे ग्राही, म्हणजे असा संदेश टिपणारे रेणू, पृष्ठभागावर येतात. बोटे पांढरी पडतात ती त्यामुळे. शरीराने ऊब राखण्यासाठी कातडीला दिलेली ही कामगिरी आहे, आणि मी बोटांचा तो नियम सरळ हृदयाला लावत होतो.

मग घाटावर आबांना झाले ते काय? त्याचे उत्तर पट्टीत मिळणे शक्य नव्हते, कारण पट्टीला मज्जातंतू नव्हते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 1930 च्या दशकात रुढ झालेली एक साधी चाचणी आहे: हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात एक-दोन मिनिटे धरायचा आणि रक्तदाब पाहायचा. हात गार पडतो, हृदय नाही. पण कातडीची तक्रार मज्जातंतूंतून वर जाते, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त काम पडते. 1988 मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ नेबल आणि सहकाऱ्यांनी हीच चाचणी रुग्णांच्या हृदयाच्या रोहिण्यांची चित्रे घेत केली. ज्यांच्या रोहिण्या निरोगी होत्या त्यांच्या रुंदावल्या. ज्यांच्या भिंतींवर मेदाचे थर साचले होते त्यांच्या आकसल्या. बर्फ तोच, मनगटे तशीच, उत्तरे मात्र परस्परविरुद्ध.

हा फरक बराचसा रोहिणीच्या आतल्या अस्तराचा आहे. एका पेशीच्या जाडीचा हा पडदा नायट्रिक ऑक्साइड सोडून भोवतालच्या स्नायूला सैल ठेवत असतो. अस्तर नसेल तर एरवी रोहिणी सैल करणारे ॲसिटिलकोलीन आपले काम करू शकत नाही, हे 1980 मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवले आणि 1998 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अस्तर शाबूत असेल तर मज्जातंतूंचा ‘आवळ’ हा हुकूम त्याच्या ‘सैल हो’ या सांगण्यापुढे फिका पडतो. अस्तर बिघडले की हुकूम तेवढा उरतो. त्यात रोहिणी आधीच अरुंद असेल तर थोडे आकसणेही पुरते, कारण नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहाला होणारा विरोध सोळा पट होतो. आबांच्या रोहिण्या नदीमुळे बिघडल्या नव्हत्या. त्या बऱ्याच वर्षांपूर्वीच बिघडल्या असणार, आणि नदीने ते त्या पहाटे बाहेर काढले.

सव्वा वर्ष गोळ्यांवर गेले. त्यांतली एक रोहिणीतली कॅल्शियमची दारे अडवणारी होती, आणि मी पाकीट वाचून आबांना ती समजावून सांगत असे. ते ऐकून घेत आणि गोळी गुळाच्या खड्याबरोबर घेत. गुळात पोटॅशियम बऱ्यापैकी असते, हे मी कधीतरी बोलून गेलो, तेव्हा त्यांनी खडा खाली ठेवला आणि विचारले, ‘‘म्हणजे तुझ्या त्या पट्टीसारखं होणार का माझं?’’ निरोगी मूत्रपिंडे जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकतात, म्हणून आबांना गुळाची भीती नव्हती. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र डॉक्टर शहाळेसुद्धा वर्ज्य करतात. पण त्यांच्या प्रश्नाने मला दुसरीच गोष्ट दिसली. माझ्या बाथमधले 40 मिलिमोल पोटॅशियम जिवंत माणसाच्या रक्तात येऊच शकत नाही. रक्तातले पोटॅशियम 7 च्या वर गेले तरी हृदयाची लय धोक्यात येते; रोहिणी पोटॅशियमने आखडण्याची वेळ येण्याच्या कितीतरी आधी हृदय थांबते. 25 अंशांचे हृदयही घाटावरून कुणी घरी आणत नाही. मी महिनोन्महिने ज्या दोन गोष्टींचे एकत्रित परिणाम काजळीवर गिरवत होतो, त्या चालत्या-बोलत्या माणसाच्या वाट्याला एकत्र येतच नाहीत, अपवाद एका टेबलाचा.

1998 च्या फेब्रुवारीत पुण्यातल्या एका रुग्णालयात आबा बायपास शस्त्रक्रियेसाठी त्या टेबलावर होते. आदल्या संध्याकाळी शल्यविशारदांनी मला कागदावर चित्र काढून समजावले: रक्त यंत्राकडे वळवायचे, महारोहिणीला चिमटा लावायचा, तिच्या मुळाशी चार अंशांपर्यंत गार केलेले पोटॅशियमयुक्त द्रावण सोडायचे, हृदयावर बर्फाचा चुरा घालायचा, आणि हृदय थांबले की शांतपणे टाके घालायचे. मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसून होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे रसवंतीगृहातली लादी होती.

या युक्तीचा इतिहास सरळ नाही. 1950 मध्ये टोरांटोला विल्फ्रेड बिगेलो यांनी कुत्र्यांवर दाखवले, की शरीर गार केले तर रक्तप्रवाह काही काळ थांबवूनही जीव वाचतो. 1952 मध्ये मिनेसोटात जॉन लुईस यांनी अशा गार केलेल्या शरीरातले हृदय उघडून शस्त्रक्रिया केली. 1955 मध्ये लंडनमध्ये डेनिस मेलरोझ यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवण्याची पद्धत मांडली. पण त्यांचे द्रावण फारच तीव्र होते, हृदयाच्या स्नायूला त्याने इजा झाली आणि काही वर्षांतच ती पद्धत मागे पडली. 1970 च्या दशकात पोटॅशियम परत आले ते मोजूनमापून. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रावणात ते 16 मिलिमोल प्रति लिटर असते, आणि जोडीला तेवढेच मॅग्नेशियम. पोटॅशियमने हृदय थांबवायचे आणि गारव्याने थांबलेल्या हृदयाची भूक कमी करायची, अशी ती विभागणी आहे.

मला त्या रात्री झोप आली नाही ती वेगळ्याच कारणाने. 16 मिलिमोलला पोटॅशियमचा समतोल उणे 58 वर येतो. हृदयाची स्नायूपेशी एवढी वर ढकलली गेली की तिची सोडियमची दारे उघडून मिटतात आणि मिटलेलीच राहतात. ठोका सुरूच होऊ शकत नाही. पण रोहिणीच्या स्नायूला आखडण्यासाठी सोडियमची दारे लागत नाहीत, तो कॅल्शियमच्या दारांवर चालतो, आणि नेमकी ती दारे वर ढकलण्याने उघडू लागतात. ज्या धक्क्याने हृदय निजते त्याच धक्क्याने हृदयाची रोहिणी जागी होऊ शकते. आणि ते द्रावण त्याच रोहिण्यांतून हृदयभर पसरायचे होते! मी सकाळी शल्यविशारदांना हे विचारले. ते हसले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. त्यांनी सांगितले, की पोटॅशियम कमी ठेवतात ते याही कारणाने. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत आडवे येते. गारव्याने आकुंचन मंदावते. अस्तराची मात्र काळजी करावी लागते, कारण अस्तर स्नायूला सैल करते ते नायट्रिक ऑक्साइडशिवाय पेशी अधिक ऋण करूनही, आणि बाहेर पोटॅशियम जास्त असेल तर नेमकी तीच वाट अडते. छातीच्या आतून सोडवून जोडायची रोहिणी तर हात लागताच आकसते, म्हणून ती सैल करणाऱ्या पॅपाव्हरीन या औषधाने भिजवून ठेवतात. पॅपाव्हरीन अफूच्या बोंडात सापडते. माझ्या प्रयोगशाळेतही पट्टी सुटेनाशी झाली की आम्ही तेच वापरत होतो.

आबांचे हृदय 52 मिनिटे थांबलेले होते. चिमटा काढून उबदार रक्त पुन्हा आत सोडल्यावर ते आधी थरथरले आणि मग आपोआप लयीत आले, असे नंतर कळले. मी बाहेर बाकावर बसून त्या सुस्त उताराचा विचार करत होतो, ज्याला मूळ जागी यायला एक अख्खा कागद पुरला नव्हता.

त्या वर्षीच्या त्रिपुरी पौर्णिमेला आबा दीपोत्सव पाहायला पहाटे घाटावर आले. अंघोळ घरीच, बंबातल्या कढत पाण्याने झालेली होती, अंगात स्वेटर आणि कानाला मफलर होता. पायऱ्यांवर पणत्यांच्या रांगा होत्या आणि पाण्यात त्यांचीच दुसरी रांग थरथरत होती. शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबून त्यांनी मला खाली पाठवले आणि पाणी किती गार आहे ते बघायला सांगितले. मी मनगटापर्यंत हात घालून बसलो. वर त्यांनी घड्याळ काढले होते, हे मला नंतर कळले.

‘‘दोन मिनिटं झाली,’’ ते म्हणाले. ‘‘किती?’’

थर्मामीटर आणला नव्हता. सवयीने मी म्हणालो, ‘‘वीस असेल.’’

‘‘तुझ्या पट्टीपेक्षा गार,’’ असे म्हणून त्यांनी चपला काढल्या, धोतर वर खोचले आणि घोट्यापर्यंत पाय पाण्यात सोडून ते पणत्या बघत बसले.